दोल्गोरच्या तळावरचा बर्फ

हिवाळ्यात कोणता ड्रायव्हर कुठे मुक्कामाला होता, हे त्या भागात कुणाला विचारावं लागत नाही. बर्फ बघितला की कळतं. संध्याकाळी गाडी उभी केली की पहिलं काम म्हणजे इंजिनातलं पाणी सोडून देणं. रात्रभर आत राहिलं तर सकाळी इंजिन तडकलेलं सापडायचं. सोडलेलं पाणी जमिनीला टेकेपर्यंतच काय ते पाणी असतं; मग त्याचा गंजाच्या रंगाचा ओघळ गाडीच्या नाकाखाली गोठून बसतो आणि वसंत येईपर्यंत जागचा हलत नाही. ज्याला आपले मुक्काम लपवायचे आहेत त्याने दुसरा कुठलाही धंदा करावा, असं शाग्दरचं मत होतं. त्याला लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचं दुखणं नेमकं तेच होतं.

शाग्दरचा बर्फ दोल्गोरच्या हिवाळी तळावर होता. दर फेरीला त्यावर एक नवा थर चढे, आणि हिवाळा निम्मा सरेपर्यंत तिच्या गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, दारासमोर चांगला ओटा तयार होई. कोकरं त्यावरून घसरत. कुत्रा त्याला वळसा घालून जाई. दोल्गोर रोज चुलीतली राख त्यावर पसरी आणि ड्रायव्हर जमातीच्या नावाने बोटं मोडी. तरी गाडी जरा पलीकडे उभी करा, असं ती कधी म्हणाली नाही.

शाग्दर सुमच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावचा. शाळा, दवाखाना, दोन दुकानं आणि पुष्कळ कुत्री एवढा त्या गावाचा ऐवज. पलटणीत गाडी चालवायला शिकला, परत आल्यावर पशुपालकांच्या सहकारी संस्थेने त्याला रशियन ट्रक दिला. त्या ट्रकला सगळे नुसतं 'सहासष्ट' म्हणत. पुढे संस्था मोडली आणि तिची वाटणी झाली, तेव्हा शहाण्या माणसांनी मेंढ्या घेतल्या आणि शाग्दरने सहासष्ट घेतली. मेंढ्या व्यायल्या, वाढल्या. सहासष्ट तेवढीच राहिली. खरं सांगायचं तर दर वर्षी तिचा काही ना काही भाग कमीच झाला. लग्न राहून गेलं. का राहिलं हे त्याला नीटसं आठवत नसे, पण त्या वेळी आपण रस्त्यावर होतो एवढं आठवे.

जिल्ह्याच्या शहरातून तो पीठ, मीठ, कोळसा आणी, इकडून लोकर आणि कातडी नेई. पण त्याची खरी ख्याती निरोपांची होती. जो निरोप जसा दिला तसा पोचायचा, शब्द तर शब्द, सूरही तोच. एका सासूने सुनेला पाठवलेली बोलणी त्याने मधल्या उसाशांसकट पोचवली होती. सून ऐकून रडली, मग त्याला जेवू घातलं. तो निरोप विसरला असं सबंध सुममध्ये कधी घडलं नव्हतं.

सुम आणि शहर यांच्या मधोमध एक खिंड आहे आणि खिंडीच्या अलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, दोल्गोरचा तळ होता. ती विधवा होती. मुलगा राजधानीत सिमेंटच्या कारखान्यात. अंगाने बुटकी, जिभेने उंच. सकाळी पाणी तापवून जुनी गाडी निघेपर्यंत ऊन वर येई, मग एका दिवसात खिंड पार होत नसे, त्यामुळे शाग्दरचा मुक्काम तिच्याकडे पडे. तो पश्चिमेच्या बाजूला, पाहुण्याच्या जागी झोपे आणि पाहुण्यासारखा वागे. बरीच वर्षं तो पाहुणाच होता.

सकाळी आधी चहा होई, दूध-मिठाचा. मग दोल्गोर मोठी कढई चुलीवर चढवी. नदीवरून बैलगाडीने आणलेल्या बर्फाच्या लाद्या गेरमागे रचलेल्या असत. त्यातली एक कुऱ्हाडीने फोडून ती तुकडे कढईत टाकी, चुलीत गोवऱ्या सारी आणि म्हणे, "तुमच्या गाडीला माझ्या गाईपेक्षा जास्त पाणी लागतं, शाग्दर ग्वाइ. आणि गाय निदान दूध देते." ग्वाइ हा मानाचा शब्द, तिच्या तोंडी तो कधीकधी चिमट्यासारखा लागे. शाग्दर गाडीच्या वतीने ओशाळे. पाणी उकळलं की दोघं बादल्या घेऊन बाहेर येत. ती नरसाळं धरी, तो ओते. थंडगार रेडिएटरमध्ये कढत पाणी पडलं की असा वाफेचा लोट उठे, की एकमेकांची तोंडं दिसेनाशी होत. काही बोलायचंच असतं, तर ती वेळ फार सोयीची होती. तो म्हणे, "नीट धरा."

गाडी सुरू झाली की ती लाकडी पळी घेऊन दारात येई आणि निघालेल्या चाकांमागे दूध शिंपडी. हे ती कुठल्याही वाटसरूसाठी करी, सगळेच करतात. शाग्दर मात्र तडकलेल्या आरशात बघत राही. कधी एक पळी, कधी दोन. तीन शिंपडल्या त्या दिवशी त्याने खिंडीतल्या ओवोला, वाटसरूंनी रचलेल्या पवित्र दगडांच्या राशीला, नेहमीपेक्षा जास्त वेळ हॉर्न वाजवला.

मग एका हिवाळ्याच्या सुरुवातीला तिने त्याला एक निरोप दिला. शहरात गेलात की पोस्टातून मुलाला फोन करा. म्हणावं, आई त्सागान सारच्या आत येते. सणापुरती नाही, कायमची. मेंढ्या धाकट्या दिराकडे देते. हे सांगताना ती कढई घासत होती आणि घासतच राहिली. शाग्दर म्हणाला, "बरं."

पोस्टातल्या फोनच्या खोक्यात उभं राहून त्याने तो निरोप जसाच्या तसा सांगितला, कढईच्या आवाजापुरताच काय तो कमी. पलीकडून मुलगा खूश झाला, काकांचे आभार मानले. शाग्दरने फोन ठेवला, टोपी घातली, मग खोक्यातच आणखी थोडा वेळ उभा राहिला. मागच्या माणसाने काच वाजवली तेव्हा बाहेर आला. आता त्याच्याकडे नववर्षाच्या सणापर्यंतचाच वेळ होता, आणि एवढ्या वर्षांत जे जमलं नाही ते तेवढ्यात जमवायचं होतं.

त्याच महिन्यात त्याच्या बहिणीचा मुलगा एनेबिश चीनच्या सरहद्दीवरून माल घेऊन आला. एनेबिश मोजे, विजेऱ्या आणि आश्वासनं विके. मोजे एका हिवाळ्यात फाटत, विजेऱ्या त्याच्या आधी. मामावर मात्र त्याचा जीव होता. त्याने एक मोठा कॅन गाडीशी आणून ठेवला. आत पोपटी रंगाचं कूलंट होतं. उणे चाळीसच्या थंडीतही गोठत नाही, रात्री सोडायला नको, सकाळी तापवायला नको. "मामा, तुमच्या हातांचे हाल बघवत नाहीत," एनेबिश म्हणाला, आणि हे तो खरंच म्हणत होता. संस्थेच्या काळात असलं पाणी फक्त अध्यक्षांच्या गाडीत असे, म्हणून अर्धं गाव बघायला जमलं. सगळ्यांदेखत सहासष्टचं म्हातारं, गंजकं पाणी बाहेर आलं आणि हिरवं आत गेलं. टाळ्या तेवढ्या राहिल्या. एनेबिशने बादल्या, गोठलेलं इंजिन तापवायचा ज्योतीचा पंप, निखाऱ्यांचा पत्रा, सगळं गाडीतून उतरवून मामाच्या कोठीत टाकलं. आता हे ओझं कशाला, म्हणाला. शाग्दरला नाही म्हणायला कारण सापडलं नाही. जे होतं ते अर्ध्या गावासमोर सांगण्यासारखं नव्हतं.

बातमी गाडीच्या आधी पोचली. पुढच्या फेरीला तो तळावर आला तेव्हा गेरमागची लादी फोडलेली नव्हती आणि कढई भिंतीला टांगलेली होती.

"आता तुम्हाला थांबायची गरज नाही म्हणे."

"नाही."

"बरं झालं. माझाही बर्फ वाचला."

तिने चहा दिला, सुकं दही पुढे केलं. तो खाली बघून प्यायला. बाहेर इंजिन चालूच होतं, बोलवायला आल्यासारखं. ऊन अजून वर होतं, गाडी धड होती. अशा वेळी ड्रायव्हर बसून राहिला तर काहीतरी सांगावं लागतं. शाग्दर उठला. त्या संध्याकाळी तो आयुष्यात पहिल्यांदा एका दिवसात शहरात पोचला. तिथे त्याला काही काम नव्हतं. खानावळीत बसून त्याने वाफवलेले बूझ खाल्ले. लोकांनी अभिनंदन केलं.

सणाच्या आधीच्या फेरीला त्याने तळाच्या अलीकडच्या टेकाडामागे गाडी थांबवली. तिथून धूरही दिसत नाही. कॅन तोटीखाली धरून निम्मं हिरवं पाणी त्यात काढलं; भाच्याने प्रेमाने दिलेली वस्तू सांडायला त्याचं मन होईना. मग चहाची किटली घेऊन नदीवर गेला, बर्फात भोक पाडलं आणि किटलीने पाणी आणून आणून रेडिएटर भरला. पुष्कळ खेपा झाल्या. माणसं आपल्या गाड्यांत नीट गोष्टी घालायला जेवढी मेहनत घेतात, तेवढी त्याने बिघडवायला घेतली. आता सांगायचं की कूलंट गळून कमी झालं, वाटेत पाणी घालावं लागलं, सोडल्याशिवाय इलाज नाही. खोटं तयार होतं, फक्त ऐकणारी हवी होती.

तळावर धूर नव्हता. गेरचं दार बाहेरून दोरीने बांधलेलं. असं दार सोडून आत जायला, चूल पेटवायला, चहा करून घ्यायला तिथे कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून शाग्दर आत गेला. आणि दारातच उभा राहिला. दोन्ही पेट्या दोरखंडाने आवळून बांधल्या होत्या. देवाच्या पेटीवरचे फोटो काढलेले. भिंतींचे पडदे घडी करून पलंगावर ठेवलेले. कढई उपडी. पाहुण्याची जागा झाडून लख्ख केली होती.

चूल पेटवायला हरकत नव्हती. त्याच्याने पेटवली गेली नाही. बांधून ठेवलेल्या सामानात बसून तिची वाट बघायची, मग ती येणार आणि तो कूलंटची गोष्ट सांगणार, हे सगळं त्याला एकदम फार लांबलचक वाटलं. त्याने बाहेर येऊन दोरी होती तशी बांधली, गाडीत बसला आणि सरळ खिंडीची वाट धरली. कुणाचा एक शब्द न विसरणारा हा माणूस आपण आत्ताच रेडिएटरमध्ये काय ओतलंय ते साफ विसरला.

खिंडीतला वारा विसरला नव्हता. ओवोची निळी वस्त्रं दिसायला लागली तसा इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढायला लागला. चाळिशीच्या थंडीत गाडी तापते म्हणजे काय, हे कळायला शाग्दरला फार विचार करावा लागला नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि उतरला. वरून वाफा निघत होत्या. खालची नळी लाकडासारखी कडक झाली होती, तोटी फिरेना. वर उकळत होतं, खाली गोठलं होतं, आणि मधली वाट बंद. थोड्या वेळात वरचंही गोठणार आणि मग इंजिन तडकणार. पंप घरी, पत्रा घरी, बादल्या घरी. उत्तम प्रतीचं निम्मं कूलंट मात्र सीटखालच्या कॅनमध्ये सुखरूप होतं. त्याने गाडीतला बुरणूस काढून रेडिएटरवर बांधला आणि स्वतःचा घेर असलेला डगला सोडून इंजिनावर पांघरला. नुसत्या बंडीवर तो ओवोशी उभा राहिला. रिवाजाप्रमाणे त्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. अंगात ऊब यायला तेवढं एक काम तिथे होतं.

दोल्गोर घोडे शोधायला गेली होती. आधल्या दिवशीच्या वाऱ्यात ते डोंगरापलीकडे भरकटले होते. त्यांना हाकत परत येताना तिने खिंडीत वाफ बघितली, मग बंडीवर फेऱ्या मारणारा ड्रायव्हर बघितला. जवळही आली नाही. घोडे तसेच खाली पिटाळले, स्वतःही गेली आणि परतली ती खोगिराला गोवऱ्यांचं पोतं, झाकणाच्या भांड्यात निखारे आणि जुन्या चुलीचा पत्रा बांधून. डगला घाला आधी, म्हणाली. मरायचं असेल तर माझ्या वाटेवर नको, मला सणाला जायचंय.

पत्रा रेडिएटरखाली सरकवून दोघं दोन बाजूंनी उकिडवे बसले आणि फुंकायला लागले. बऱ्याच वेळाने नळी जराशी मऊ झाली. दोल्गोरने वरचं झाकण उघडून आत बघितलं. फिकट पोपटी चिखल डुचमळत होता. तिने तो बोटावर घेतला, बोटांत चोळला.

"भाच्याने पाणी घालून दिलं वाटतं," ती म्हणाली.

सुटकेची वाट अशी आयती समोर आली होती. एनेबिशचं नाव त्या मुलखात असं होतं की पुरावा मागायला कुणी बसलं नसतं. हो म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना खरं वाटलं असतं, कदाचित एनेबिशलाही.

"नाही," शाग्दर म्हणाला. "मीच घातलं. नदीचं."

"कशाला?"

त्याने निखाऱ्यांकडे बघितलं, मग तोटीकडे.

"थांबायला."

 दोल्गोरने एक गोवरी मोडून पत्र्यावर ठेवली, फुंकली. धूर तोंडावर आला तरी बाजूला झाली नाही.

"मुलाला दिलेला निरोप पोचवलास तू?"

"पोचवला."

"सगळा?"

"सांगितला तसाच. मेंढ्यांचंही सांगितलं."

"वाटलंच मला." ती पुन्हा फुंकायला लागली. मग मान वर न करताच म्हणाली, "या रस्त्याने इतके ड्रायव्हर जातात. अर्धे निरोप विसरतात, उरलेले उलटे सांगतात. त्यांतल्या कुणाकडेही देता आला असता. तुझ्याकडे दिला, म्हटलं हा ऐकेल तरी. ऐकून विसरेल. मी रोज वाट बघत होते, की तू येऊन सांगशील, विसरलो म्हणून."

शाग्दरला एवढंच सुचलं की पुन्हा फोन करता येईल. आजच पोचून करतो.

"आता सुनेचे दिवस भरत आलेत," दोल्गोर म्हणाली. "नऊ वेळा विचारलं त्यांनी, एकदा हो म्हटलं. आता शब्द गेला."

तोटीतून पहिला थेंब पडला. दोघांनी एकदमच हात पुढे केला, आणि तोटी तिने फिरवली.

कॅनमधलं चांगलं कूलंट ओतून गाडी कशीबशी उतारावर आली. खाली तळावर आल्यावर, गरज आहे की नाही याची चर्चा न करता, त्याने सगळं सोडून दिलं. इंजिनात उरलेलं नदीचं पाणी त्यात मिसळलेलं होतं, त्यामुळे गंजक्या ओट्यावर पोपटी थर बसला. मेंढ्या चाटून मरतील म्हणून दोल्गोरने त्यावर राखेचा ढीग ओतला आणि वरून दगड रचले. आवळून बांधलेल्या पेट्यांमध्ये ते दोघं जेवले. सकाळी तिने कढई सुलटी केली, लादी फोडली. नरसाळं धरलं. वाफेत या वेळीही कुणी बोललं नाही. पण त्याने नीट धरा म्हटलं नाही, आणि तिने नीट धरलं.

सणाच्या आधी तिला शहरातल्या बसपर्यंत त्यानेच सोडलं. पेट्या टपावर चढल्या. बस सुरू व्हायच्या आधी तिने खिडकीतून त्याच्या हातात दुधाची बाटली आणि लाकडी पळी दिली. "माझ्या मागे शिंपडायला कुणी नाही," म्हणाली. "तूच शिंपड." ज्याने उभ्या आयुष्यात दूध फक्त आरशात बघितलं, तो माणूस बसमागे रस्त्याच्या मधोमध उभा राहून पळीपळीने दूध उडवत होता. बसमधले काही हसले. दूध संपल्यावर त्याने बाटली उलटी करून झटकली.

पुढच्या हिवाळ्यात तळ मोकळा होता. गेर गेल्यावर राहतो तसा जमिनीवर एक गोल, आणि त्याशेजारी लाकडी कोठी. कोठीत ती जुनी चूल आणि कढई ठेवून गेली होती. दिराला सांगून ठेवलं होतं, त्याला हात लावायचा नाही. एव्हाना सुममध्ये सगळ्यांनी हिरवं पाणी घातलं होतं. एनेबिशचा धंदा जोरात होता आणि माल, आश्चर्य म्हणजे, चांगला होता. एक त्याचा मामा तेवढा नदीच्या पाण्यावर गाडी चालवी. दर फेरीला रिकाम्या तळावर मुक्काम करी, संध्याकाळी पाणी सोडी, सकाळी कोठीतली चूल पेटवून स्वतःच लादी फोडी, स्वतःच नरसाळं धरी. एका हाताने धरून दुसऱ्याने ओतताना निम्मं बाहेर सांडे. लोक म्हणत, म्हाताऱ्याला थंडी बाधली. एनेबिशला वाईट वाटे. पण त्याने कॅन परत घेतला.

तो माल आणायला राजधानीत गेला, तेव्हा दोल्गोरकडे चहाला जाऊन आला. परतल्यावर मामाला सगळं सांगितलं. नात झाली आहे, गोरी आहे, रडते. दोल्गोरला शहराच्या धुराने खोकला झालाय. नातीने पाऊल टाकलं की पुढचं बघू, असं म्हणते. मग एनेबिश जरा घुटमळला.

"आणि एक विचारत होती. तळावर बर्फ आहे का म्हणून."

"मग?"

"म्हटलं आहे. तर म्हणे, केवढा? मी हाताने दाखवला, एवढा." त्याने गुडघ्याच्या खाली हात धरला.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढाच?"

शाग्दरने मान हलवली आणि गाडीच्या नाकाला बुरणूस बांधायला लागला. निरोप पोचला होता.

त्या फेरीला तळावर पोचल्यावर त्याने तोटी उघडली, इंजिनातलं सगळं पाणी ओट्यावर जाऊ दिलं आणि ते गोठेपर्यंत उभा राहिला. मग बादल्या उचलल्या आणि आणखी पाणी आणायला नदीकडे निघाला.